कथलाचं झाड

कुआला तेरेंगानू
३ ऑगस्ट २०१७

प्रिय आबांग जुसोह,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मी बरी आहे. तू, हसनिदार वहिनी आणि मेलूर, तिघंही सुखरूप असाल अशी आशा करते.

पाच ओळी लिहिल्यास! समुद्रापलीकडून, तावाउहून, इतक्या वर्षांनी भावाचं पत्र यायचं आणि त्यात पाच ओळी. वाण्याची यादी याहून लांब असते. तरी मी ते पायरीवर बसून वाचलं, आत येऊन वाचलं आणि भात चढवायचा विसरले. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे कललेलं. मला वाटलं होतं माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला की अक्षर तरी सरळ होत असेल.

मेलूरचं लग्न ठरलं हे वाचून डोळे भरून आले. मी माझ्या भाचीला एकदाही पाहिलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मोकच्या दफनाला तू आलास, आपल्या आईसाठी मागच्या रांगेत उभा राहिलास आणि संध्याकाळच्या विमानानं परत गेलास. खिशातला मुलीचा फोटो तू आयाह सूंना दाखवलास. काका असून त्यांनी पाहिला, आणि सख्ख्या आत्यानं नाही. मी मागच्या अंगणात भांडी घासत बसले होते म्हणा. तुझ्यासमोर आले नाही ती मीच.

तिनं फोनवर माझी कानातली पाहिली आणि ती कुणी केली हे तिला नाव वाचूनच कळलं, असं लिहिलंयस. म्हणजे एसाह नावाची आत्या आहे हे तू तिला सांगितलं होतंस. पाच ओळींतली हीच ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली.

आता ती जे मागतेय त्याबद्दल. तिला नुसती नाणी नकोत, लग्नात छातीवर घालायला पितीसचं अख्खं झाड हवंय. तिला ठाऊक नसेल तर सांग, की आपल्या पणजोबांचे वडील राजासाठी पितीस, म्हणजे कथलाची नाणी, ओतत. दगडी साच्याच्या दोन फळ्या, मधे खोड, खोडाला फांद्या, फांद्यांच्या टोकाला नाणी. मधे भोक आणि भोवती 'न्यायी राजा' अशी अरबी अक्षरं. कथील ओतायचं, साचा उघडायचा, नाणी फळांसारखी खुडायची आणि उरलेलं खोड परत वितळायला टाकायचं. झाड कुणी ठेवतच नसे. हिला नेमकं तेच हवंय जे आपल्या घराण्यानं कधी ठेवलं नाही. बापावर गेलीय पोर.

पण झाड होणार नाही, आबांग. त्याला दोन माणसं लागतात हे तुला मी काय सांगायचं? एकानं साचा दाबून धरायचा, दुसऱ्यानं ओतायचं. मी एकटी आहे. मी माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडात ओतते. हाड कापायचं, नाण्याचा ठसा दाबायचा, दोन तुकडे तारेनं बांधायचे, झालं. एका हाडात एक नाणं. एक-दोनदा ओतलं की हाड जळून जातं, मग दुसरं घ्यायचं. समुद्रकाठी हाडांना तोटा नाही आणि दुसऱ्या माणसाची वाट बघावी लागत नाही. अशी कानातली आणि पदकं करत मला वीस वर्षं झाली. पासार पायांगच्या बाजारात मला आता 'पितीसवाली एसाह' म्हणतात.

मेलूरसाठी तीन पितीसांची क्रोंगसांग पाठवतेय. तिन्ही पिना साखळीनं जोडल्यात. केबायाच्या झग्यावर गळ्यापासून खाली ओळीनं लावायच्या. साखळी नाजूक आहे, ओढू नको म्हणावं.

जुना दगडी साचा अजून आहे. तांदळाच्या पिंपामागे, गोणपाटात. त्या दिवसानंतर कुणी सोडला नाही. त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. झालं ते झालं.

उत्तर दे. या खेपेला सहा ओळी लिही, म्हणजे प्रगती आहे असं समजेन.

तुझी धाकटी बहीण,
एसाह

*

कुआला तेरेंगानू
११ सप्टेंबर २०१७

प्रिय आबांग,

अस्सलामु अलैकुम. वहिनींचा खोकला उतरला का? आल्याचा काढा द्या, त्यात थोडा गूळ.

मोजून सहा ओळी लिहिल्यास! मी एकटीच घरात मोठ्यानं हसले. शेजारची मिनाह माशाचे क्रोपोक तळता तळता कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गं, भूत आलंय का घरात?" मी म्हटलं, "भूत नाही, भाऊ आलाय. लिफाफ्यातून."

क्रोंगसांग आवडली, पण मेलूर झाडावरच अडून बसलीय हेही वाचलं. आणि शेवटची ओळ वाचली. 'साचा नीट तापव आणि ओतायच्या आधी गालाला लावून बघ.'

तू सहज लिहिलंस की मुद्दाम, मला कळत नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना.

तरी मी साचा सोडला. गोणपाट कुजून गेलं होतं, दगडाला काही झालेलं नाही. अकरा नाण्यांचं झाड, आपण लहानपणी बोटं फिरवायचो ते. सात दिवस उन्हात ठेवला, राळेच्या धुरानं काजळी चढवली, निखाऱ्यांवर तापवला. मग ओल राहिलीय का बघायला गालापर्यंत नेला आणि हात तिथंच थांबले. चटका बसेल म्हणून नाही. लावला नाही एवढं खरं.

मिनाह सगळं बघत होती. तिचं तोंड कधी बंद असतं?

"एका हातानं टाळी वाजत नाही, एसाह. आण इकडे, मी धरते तुझा धोंडा."

"नको. तुझे डोळे चांगले आहेत, ते तसेच राहू देत."

"डोळे! या डोळ्यांनी साठ वर्षं नुसता उकळत्या तेलाचा घाणा बघितलाय मी. तुझं चमचाभर कथील काय करणार?"

"मिनाह, घरी जा."

"जाते. मर एकटी त्या दगडाला कवटाळून."

मी तिला जवळ येऊ दिलं नाही. साचा दोरीनं बांधला, गुडघ्यांत दाबला आणि एका हातानं पळी ओतली. गुडघ्यांचा जोर तो काय! फटीतून कथील गळलं, नडगीवर पैशाएवढा चट्टा उठला. साचा उघडला तर आत खोड आणि चारच नाणी. झाड कसलं, खराटा झाला. तो तसाच वितळायला टाकला.

संध्याकाळी मिनाह मासे घेऊन आली. रागावली की ती जेवण घेऊन येते, तुला आठवत असेल. सार करायला म्हणून तिनं माझी फडताळं उघडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चिंच कुठंय?"

"नाही."

"संपली?"

"आणतच नाही मी. सोसत नाही."

"अगं, तेरेंगानूत जन्मलीस आणि चिंच सोसत नाही? तुझी आई तर चिंचेशिवाय पाणी पीत नसे!"

मी विषय बदलला. आम्ही बिनचिंचेचं सार खाल्लं. तिनं तोंडं वाकडी केली, पण दोनदा घेतलं.

मोकबद्दल तू कधी विचारत नाहीस, तरी सांगते. उजवा डोळा गेल्यावर ती एकोणतीस वर्षं जगली. उजवीकडची चौकट तिच्या खांद्याला लागायची, म्हणून ती दारातून जाताना हात पुढे करायची. सुईत दोरा मी ओवून द्यायची. माझं लग्न जमवायला दोनदा लोक आले, दोन्ही वेळा मीच नको म्हटलं. गावानं म्हटलं, आईसाठी पोरीनं जन्म काढला. मी ते ऐकून घेत होते.

दर ईदला ती तुझ्या वाटणीचा नासी दागांग भात वेगळा काढून झाकून ठेवायची. दुपारची नमाज झाली की ताट माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "खाऊन टाक, गार होतोय." आणि मी खात होते, आबांग. तुझ्या वाटणीचं.

तुला एक गोष्ट लिहायची होती, पण पान संपलं.

हे खोटं आहे. पानाची मागची बाजू कोरी आहे. पण आज नको.

तुझी,
एसाह

*

कुआला तेरेंगानू
८ ऑक्टोबर २०१७

आबांग जुसोह,

अस्सलामु अलैकुम. या वेळी खुशाली विचारत नाही. आधी लिहायचं ते लिहिते, नाहीतर पुन्हा पान संपेल.

तू साचा गालाला लावला होतास. मी पाहिलं होतं.

उजव्या गालाला लावलास, मग डाव्या. मी दारात केळीची पानं पुसत बसले होते, तुझ्यापासून चार हातांवर. सगळं वडिलांनी, आपल्या आयाहनी, शिकवलं होतं तसंच केलंस. साचा तापला होता आणि वरून कोरडा होता. आतून कोरडा नव्हता, आणि ते मी केलं होतं.

त्या दिवशी क्वालालंपूरहून कुणी साहेब आयाहचं काम बघायला आणि साच्याचे फोटो काढायला येणार होते. साचा पिढ्यान् पिढ्यांच्या काजळीनं काळाकुट्ट. मला त्याची लाज वाटली. मी सतरा वर्षांची होते आणि घरातली पितळी तबकं चिंचेनं घासून लखलखीत करण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आपल्याकडच्या पोरींना काळं भांडं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो. आदल्या दुपारी तुम्ही सगळे धक्क्यावर गेलात तेव्हा मी साचा विहिरीवर नेला आणि तासभर चिंच-पाण्यानं घासला. पितळ पाणी पीत नाही. दगड पितो, हे मला ठाऊक नव्हतं. उन्हात ठेवला, वरून खडखडीत झाला. मग भीती वाटली की काजळी गेली म्हणून आयाह ओरडतील. राळेचा पलिता धरून मी तो परत काळा केला. इतका नीट केला, की त्यांच्याही लक्षात आलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मोकनं साचा धरला, तू ओतलंस, आणि आत दडलेल्या पाण्याची वाफ होऊन कथील उसळून तिच्या डोळ्यात गेलं.

आयाह काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "गालाला लावला नाहीस. साहेबापुढे मिरवायची घाई!" तू म्हणालास, "लावला होता, आयाह. अल्लाशपथ लावला होता." मग तू माझ्याकडे वळलास. "एसाह, तू होतीस ना इथं? सांग त्यांना."

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

मला तेव्हा कळलं होतं का, असं तू विचारशील. हो. कथील उडालं त्याच क्षणी कळलं. तू घर सोडलंस तेव्हा मी तांदूळ निवडत होते आणि मान वर केली नाही. करून सवरून नामानिराळी राहिले आणि वर गावाकडून आईची सेवा केल्याचं पुण्यही घेतलं.

अजून एक आहे. मोकला माहीत होतं.

ती जायच्या आधीच्या वर्षी मी तिचं तोंड पुसत होते. ती सहज म्हणाली, "त्या दिवशी साच्याला चिंचेचा वास येत होता."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. "तुला माहीत होतं?"

"हातात मीच धरला होता ना? तापल्यावर वास सुटला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा बाप एकाला तरी हाकलणारच होता. मुलगा कुठंही जगतो. तू कुठं गेली असतीस?" मग म्हणाली, "मी गेल्यावर त्याला बोलाव. मला त्याच्यापुढे तोंड नाही."

मलाही नव्हतं. म्हणून तिच्या दफनाच्या दिवशी मी धुतलेली भांडी परत परत घासत बसले. त्यालाही नऊ वर्षं झाली आणि मी तुला बोलावलं नाही. तिचा मला राग येतो, आबांग. तिनं मला वाचवलं नसतं तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं. पण तिचा एक डोळा माझ्यामुळे गेला होता, तेव्हा राग कुठल्या तोंडानं करायचा?

परवा आयाहच्या नावानं घरी जेवण होतं. दुआ झाली, पानं वाढली, आणि आयाह सूंनी नेहमीप्रमाणे ती गोष्ट काढली. ऐंशी वर्षांचे झालेत, पण ती गोष्ट विसरत नाहीत. नव्या पोरांना सांगत होते, "अति घाई संकटात नेई. आमच्या जुसोहचंच बघा. एवढा साचा गालाला लावायचा, तेवढाही धीर नाही."

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "लावला होता त्यानं. साचा मी धुतला होता. चिंचेनं."

मिनाहनं तोंडावर हात ठेवला. तिला बहुतेक ते सार आठवलं असणार. आयाह सू आपलं पान पुढे ओढून म्हणाले, "जेवा रे, भात गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत आले आणि पायरीवर बसले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"तुझ्या बापाला हे कळलं असतं तर काय केलं असतं ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मला हाकललं असतं."

"जुसोहला बोलावलं असतं," ते म्हणाले. "स्वतः तावाउला जाऊन. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचा तो. आम्हाला सांगायचा, हवा खायला जातो."

मला हे माहीत नव्हतं. तुला कळावं म्हणून लिहितेय. मग ते उठले आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या तोंडून पस्तीस-चाळीस वर्षं ते खोटं गेलं. त्याला लिही, की म्हाताऱ्यानं माफी मागितलीय." तर ते लिहिलं. माझी माफी मी अशी दुसऱ्याच्या पाठोपाठ मागणार नाही. ती पत्रात मावत नाही, आणि तू दिलीच पाहिजेस असंही नाही.

आता मेलूरच्या झाडाचं. नोव्हेंबर अर्धा झाला की इथलं आभाळ फाटतं आणि मग फेब्रुवारीपर्यंत दगड वाळत नाही. लग्न डिसेंबरात आहे. म्हणजे झाड व्हायचं असेल तर या चार-पाच आठवड्यांत व्हायला हवं, आणि त्याला दोन माणसं लागतात. मिनाह धरीन म्हणते, अजूनही म्हणते. मी तिला नाही म्हटलंय. तिच्या हातात तो साचा द्यायचा नाही, आणि पळी माझ्या हातात घ्यायची नाही, असं मी ठरवलंय.

तू ये. मेलूरला घेऊन ये, वहिनींना घेऊन ये, नाहीतर एकटा ये. रागावलेला असलास तर रागावूनच ये. साचा मी धरेन, मोक बसायची तिथंच बसून. ओतायचं तू. नाणी खुडायची नाहीत, झाड तसंच मेलूरला द्यायचं. आणि आला नाहीस तर मी पुन्हा गुडघ्यांत धरून प्रयत्न करणार नाही. तो साचा तुझ्याशिवाय उघडायचा नाही.

काल मी चिंच आणली. फडताळात ठेवलीय. अजून वापरली नाही.

साचा पंधरा दिवस उन्हात आहे, रात्री चुलीशेजारी. त्याला पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही. आज सकाळी मी तो गालाला लावून पाहिला, दोन्ही गालांना. कोरडा आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू आलास की तू स्वतः गालाला लाव. मी दारात बसून बघेन, आणि कुणी विचारलं तर सांगेन.

जिचं लक्ष होतं ती,
एसाह